अक्कांच्या ताकदीचा डबा

आमच्या घरमालकीणबाईंच्या दारावरून आजवर एकही जीव उपाशी पुढं गेलेला नाही. जीव म्हणताना मी माणसं, मांजरं, कावळे आणि विजेचं मीटर बघायला येणारा तो लुकडा माणूस, असे सगळे धरलेत. तो मीटरवाला तर आमच्या गल्लीत उलटा फिरतो. आमचं घर त्याला खरं तर सुरुवातीलाच लागतं, पण तो आधी गल्लीच्या टोकाला जातो आणि तिथून मागं येत येत बरोबर न्याहारीच्या वेळेला आमच्या फाटकात उगवतो. कुरिअरची पोरं पार्सल दुसऱ्या गल्लीतलं असलं तरी पत्ता विचारायला आमच्याकडंच येतात. एकदा एक जण पाणी शुद्ध करायचं यंत्र विकायला आला होता. तासाभरानं बाहेर पडला तेव्हा त्याच्या हातात पिठलं-भाकरीचा डबा होता, आणि यंत्र विकायचं राहून गेलंय हे त्याला कोपऱ्यावर गेल्यावर आठवलं. बिचारा परत आला. तर त्याला ताक मिळालं.

मी खोली बघायला आलो तोही असाच फसलो. बेंगळुरात खोली मागायला गेलं की मालक लोक पोलिसांसारखे प्रश्न विचारतात. लग्न झालंय का, मांसाहार करता का, मित्र येणार का, मैत्रिणी येणार का, आणि येणारच असतील तर किती वाजता जाणार. मी तासगावचा माणूस. सगळी उत्तरं पाठ करून, केस पाणी लावून चपटे करून आलो होतो. या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि विचारलं, "भात लागतो का भाकरी?"

"दोन्ही चालतं," मी शहाण्यासारखं म्हणालो.

"चालतं सोड रे. लागतं काय ते सांग की."

"भाकरी."

"मग वर जाऊन खोली बघून ये. तवर एक टाकते."

त्या भाकरीच्या वासामुळं मी खोली नीट बघितलीच नाही. खिडकी उघडत नाही हे मला राहायला आल्यावर कळलं.

पीण्या म्हणजे बेंगळुरातली कारखान्यांची वसाहत; तिथल्या कारखान्यांच्या मागं जी जुनी बैठी घरं उरलीत, त्यातलं हे एक. अक्कांचं, म्हणजे या घरमालकीणबाईंचं, माहेर निपाणीकडचं. नवरा इथं लेथवर कामाला लागला म्हणून लग्नानंतर त्या इकडं आल्या आणि त्यांनी आयुष्यभर मशीनच्या आवाजात संसार केला. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली. मुलगा शिकून मोठा साहेब झाला आणि शहराच्या पार दुसऱ्या टोकाला व्हाइटफील्डला उंच इमारतीत राहायला गेला. अक्का मात्र जागच्या हलल्या नाहीत. सगळी गल्ली त्यांना अक्का म्हणते, मग मीही म्हणायला लागलो. त्यांची मराठी अर्ध्या वाटेत कन्नडची गाडी पकडते आणि पुन्हा उतरून मराठीत येते. "जेवलास काय? नाय? अय्यो, मग बस की! स्वल्पच वाढते." स्वल्प म्हणजे कन्नडमध्ये थोडं. अक्कांचं स्वल्प मात्र ताटाच्या कडेपर्यंत येतं. आणि पोट भरलं असं सांगितलं की त्या म्हणतात, "सरी, सरी," म्हणजे बरं, बरं, आणि वाढत राहतात.

आता मला लहानपणापासून एक वाईट खोड आहे. माणूस भेटला की त्याचा आवाज माझ्या घशात येऊन बसतो. शाळेत हेडमास्तरांचा आवाज काढून मी अख्ख्या शाळेला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली होती. इथं पीण्यात मी एका पंपाच्या कंपनीत दिवसभर गिऱ्हाइकांशी फोनवर बोलतो, आणि संध्याकाळी जिन्यात बसून त्यांच्या नकला करतो. प्रेक्षक म्हणजे कोपऱ्यावरची फुलवाली आणि समोर राहणारा रिक्षावाला. एकदा मी पदर खोचल्यासारखा टॉवेल खोचून अक्कांची नक्कल लावली. "खा की रे, एवढंच काय खाल्लास? आमच्यात मांजर याच्यापरास जास्त खातंय!" फुलवाली हसून लोळायची ती एकदम गप्प झाली. मागं वळून बघतो तर अक्का उभ्या. मला वाटलं, आता खोली गेली. अक्का शांतपणे म्हणाल्या, "आवाज गळ्यातनं काढायलास. पोटातनं काढ. आणि मी 'खा की' म्हणताना हात असा नाय करत, असा करते." मग त्यांनी स्वतःच स्वतःची नक्कल करून दाखवली, आणि ती माझ्यापेक्षा चांगली झाली. वर मेहनताना म्हणून उप्पीट दिलं.

तर अशी ही बाई. वय सत्तरीच्या पुढं, आणि चालणं असं की त्यांच्याबरोबर भाजीला गेलं की मला धाप लागायची. गेल्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. तो एकदाचा गेला, पण जाताना काहीतरी घेऊन गेला. महिनाभर अंथरुणावर काढून अक्का उठल्या तेव्हा साडी त्यांच्या अंगावर नुसती अडकवल्यासारखी दिसायला लागली. तरी त्यांनी पहिल्याच दिवशी चूल, म्हणजे गॅस, ताब्यात घेतला. आणि मग एका सकाळी देवासमोर पाटावर बसलेल्या अक्कांना उठताच येईना. पाय दुखत नव्हते, मुरगळले नव्हते, नुसते सांगितलेलं ऐकत नव्हते. मी कामावर निघताना सवयीनं आत डोकावलो म्हणून कळलं. किती वेळ त्या तशा बसून होत्या देव जाणे. निरांजन कधीच विझलं होतं. मी हात दिला तेव्हा म्हणाल्या, "जप जरा लांबला रे." मी त्यांना खुर्चीत बसवलं आणि निरांजन पुन्हा लावलं.

ही बातमी रिक्षावाल्यानं फोडली. दुसऱ्याच दिवशी मुलगा आला. माणूस चांगला आहे, पन्नाशीचा, आईसारखंच नाक, पण चेहरा सदा मीटिंगमधून नुकताच उठून आल्यासारखा. तो रागावला नाही. खुर्चीत बसून हळू आवाजात म्हणाला, "आई, आज हा मुलगा आत डोकावला. उद्या नाही डोकावला तर? माझ्याकडं चल. लिफ्ट आहे, बाई ठेवू, सगळं आहे."

"आणि हितली माणसं?"

"कुठली माणसं?"

या प्रश्नावर अक्कांनी मुलाकडं असं बघितलं, की जणू त्यानं सूर्य कुठला असं विचारलंय. मग म्हणाल्या, "दसऱ्यापर्यंत थांब. आयुधपूजेच्या दिवशी ये. जमिनीवर बसते, आणि हात न टेकता उठून दाखवते. नाय उठले तर तू म्हणशील तिथं येते. गप्प येते." मुलानं मान हलवली. अक्का जिंकल्यासारख्या स्वयंपाकघरात गेल्या. जाताना दाराची चौकट धरली, ते मी बघितलं, आणि मुलानंही.

मग मी त्यांना रिक्षात घालून डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तरुण मुलगी, बोलायला गोड आणि ऐकायला कडक. तिनं रक्त तपासून घेतलं, किडनी ठीक आहे हे बघून घेतलं, पोटरीला टेप लावली, हातात एक यंत्र देऊन दाबायला सांगितलं. मग म्हणाली, "अज्जी, तुमची हाडं बरी आहेत, सांधे बरे आहेत. अंगातलं मांस उतरलंय. वयानं सगळ्यांचंच उतरतं, तुमचं तापानं पळत सुटलं. ते परत चढवायचं. डाळ, दही, पनीर वाढवा, रोज ही पावडर घ्या, आणि खुर्चीतून उठाबशा काढा. नुसती पावडर खाऊन बसलात तर उपयोग नाही, आणि नुसत्या उठाबशा काढून उपाशी राहिलात तरी नाही."

अक्कांनी डबा उघडून वास घेतला. "तान्ह्या बाळाला लावायच्या पावडरीसारखा वास येतोय. हे पीठ भाजायचं किती?"

"भाजायचं नाही, अज्जी. आणि हे पीठ नाही, प्रोटीन आहे."

"दळलंय का?"

"म्हणजे... बारीक आहे."

"मग पीठच की."

त्यानंतरचा आठवडा आमच्या घराच्या इतिहासात काळा म्हणून नोंदवला जाईल. पाण्यात कालवून पिणं म्हणजे अक्कांच्या मते आजाऱ्याचं काम, आणि त्या आजारी नव्हत्या. पहिल्या दिवशी त्यांनी ती पावडर उकळत्या सारात टाकली. त्याचे असे गोळे झाले की वाढताना टपटप आवाज आला. दुसऱ्या दिवशी ताकात टाकून रवीनं घुसळली, तर फेस भांड्यातून उठला, ओट्यावरून उतरला आणि सिंकपर्यंत चालत गेला. अक्का म्हणाल्या, "बघ, ताकद हाय त्यात." तिसऱ्या दिवशी लसणाच्या चटणीत. लसूण, तिखट आणि व्हॅनिला हे तीन पदार्थ एका जिभेवर कधी आले नसतील तर आणू नका एवढंच सांगतो. पण बाई मागं हटणाऱ्यातली नव्हे. शेवटी शेंगदाण्याचं कूट, फुटाण्याची डाळ आणि गूळ घालून त्यांनी त्या पावडरीचे लाडू वळले, आणि ते असे जमले की मी डोळे मिटून घेतले. डॉक्टरीणबाईंना नेऊन दाखवले तर त्याही एक खाऊन म्हणाल्या, "हे चालेल. रोज दोन."

उठाबशांचंही तेच. आकडे मोजत उठायला अक्कांना लाज वाटायची, तालमीत आल्यासारखं वाटतं म्हणायच्या. मग त्यांनी स्वतःची पद्धत काढली. निपाणीहून बेंगळूरला येणारी एसटी ज्या ज्या गावी थांबायची, त्या गावांची नावं घ्यायची आणि एकेका गावाला एकदा उठायचं. अंगणातल्या प्लास्टिकच्या खुर्चीत बसून त्या सुरू करायच्या. निपाणी, उठल्या. संकेश्वर, उठल्या. बेळगाव म्हणताना आवाज बारीक व्हायचा, आणि कित्तूरच्या आधी गाडी बंद पडायची. सकाळी कामावर जाणारे लोक फाटकातून विचारायचे, "अक्का, आज कुठपर्यंत?" त्या म्हणायच्या, "धारवाड आलं बघा, धारवाड!" ज्या दिवशी हुबळी आलं त्या दिवशी फुलवालीनं त्यांना गजरा दिला. लोकांना पोरांच्या परीक्षेचा नसेल एवढा त्या गाडीचा आनंद व्हायचा.

पण गाडी हुबळीच्या पुढं जाईना. दिवसांमागून दिवस गेले, दसरा दोन महिन्यांवर येऊन ठेपला, आणि अक्का रोज हुबळीच्या स्टँडवर बसून. मी पुन्हा दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी टेप लावली आणि कपाळाला आठ्या घातल्या. पोटरी आहे तिथंच. "लाडू खाता ना अज्जी?"

"डबा संपला की. दुसरा आणला. तोही संपत आलाय."

"इतक्या लवकर?" तिनं हिशेब केल्यासारखं वर बघितलं, आणि तिची नजर माझ्यावर येऊन थांबली. माझ्या शर्टाचं मधलं बटण त्याच सकाळी तुटून उडालं होतं. "तुम्ही जिमला जाता का?"

"नाही हो."

"मग हे दंड कुठून आले?"

मी उडालेल्या बटणाच्या जागी हात धरला. आणि माझ्या डोळ्यांसमोरून आमची अख्खी गल्ली संचलन करत गेली. फुलवाली हल्ली दोन पाट्या एका खेपेला उचलत होती. रिक्षावाला बंद पडलेली रिक्षा एकटाच ढकलत स्टँडपर्यंत न्यायचा. तो लुकडा मीटरवाला अलीकडं लुकडा राहिला नव्हता. सगळ्यांच्या हातात सकाळी एकेक लाडू असायचा, माझ्या हातात दोन. अक्कांच्या हातात मी कधी बघितलाच नव्हता. त्यात सोमवारचा उपास, गुरुवारचा उपास, मध्येच एखादी संकष्टी, आणि बाकीच्या दिवशी सगळ्यांचं झाल्यावर पातेल्याच्या बुडाला उरेल ते.

"अज्जी," डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला, "ते औषध आहे. प्रसाद नाही!"

अक्का खाली मान घालून बसल्या. शाळेत पट्टी खाल्लेल्या मुलीसारख्या दिसत होत्या. मग हळूच म्हणाल्या, "एकटीनं खाल्लेलं अंगाला लागत नाय हो. दारात माणूस असताना आपण तोंडात घालायचं? घशाखाली उतरत नाय ते." त्या हट्टानं बोलत नव्हत्या, हे मला तेव्हा कळलं. त्या खरंच सांगत होत्या. उभ्या जन्मात त्यांनी आधी कधी खाल्लंच नव्हतं. आधी सासू-सासरे, मग नवरा, मग मुलगा, मग ही गल्ली. आधी खायचं कसं ते त्यांच्या हाताला माहीतच नव्हतं.

अक्कांना घरी सोडल्यावर मी आणि रिक्षावाल्यानं कट केला. दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कांनी डबा उघडला तर गल्लीतलं एकही माणूस लाडू घेईना. फुलवालीनं हात मागं घेतला. मीटरवाल्याची त्या दिवशी पाळी नव्हती तरी तो मुद्दाम येऊन नको म्हणून गेला. "तुम्ही खाल्ल्याशिवाय आम्ही खाणार नाही," मी म्हणालो. अक्का चिडल्या, मग घाबरल्या. माणसं दारातून उपाशी परत जायला लागली म्हटल्यावर त्यांचा जीव कासावीस झाला. "खाते मागनं, खाते," म्हणायला लागल्या. तेव्हा मी त्यांना पाट नको म्हणून खुर्चीत बसवलं, समोर स्टूल ठेवलं, त्यावर ताट. ताटात दोन लाडू, वाटीभर घट्ट वरण, दही. आणि टॉवेल खांद्यावर टाकून, त्यांनीच शिकवल्याप्रमाणं पोटातनं आवाज काढून सुरू केलं.

"अय्यो, बघायलीस काय? खा की! एवढंच काय घेतलंस? आमच्यात मांजर याच्यापरास जास्त खातंय!"

अक्का हसल्या. मी हसलो नाही. नकलाकारानं हसायचं नसतं.

"पोट भरलं रे."

"सरी, सरी. स्वल्पच वाढते." आणि वरणाचा डाव ताटात.

"अरे नको म्हणते ना!"

"नको म्हणणारं माणूस भुकेलं असतंय. मला शिकवतीस काय गं?"

फुलवाली भिंतीला धरून हसत होती. अक्कांनी एक लाडू खाल्ला, दुसरा खाल्ला, वरण संपवलं. आणि मग रिकामी वाटी दोन्ही हातांत धरून बसल्या. म्हणाल्या, "माहेरी असताना आई वाढायची. त्यानंतर हे ताट माझ्यापुढं कुणी केलं नव्हतं." डोळ्याला पदर लावला. आणि पदर काढता काढता म्हणाल्या, "वरणात मीठ कमी हाय. कुणी केलंय?" मी केलं होतं.

त्यानंतर रोज सकाळी हाच खेळ. आधी अक्कांचं ताट, मग गल्लीचं. लाडूंच्या दोन जाती झाल्या. पावडरीचे फक्त अक्कांचे, आणि नुसत्या शेंगदाण्याचे आमचे. डॉक्टरीणबाईंचा हुकूमच होता तसा. सोमवारचा उपास देवाला विचारून रद्द झाला. देवानं काय सांगितलं विचारलं तर अक्का म्हणाल्या, "तो म्हणाला, माझ्यापुढं बसायचं असेल तर आधी उठायला शिक." महिना जायच्या आत गाडी हावेरीला लागली. राणेबेन्नूर, हरिहर करत दावणगेरे गाठलं. चित्रदुर्गला एक दिवस अडली, पण मग हिरियूर, सिरा, तुमकूर, आणि एका सकाळी खुर्चीतून ताठ उभ्या राहून अक्का ओरडल्या, "पीण्या! उतरा सगळे!" समोरच्या कारखान्यातल्या कामगारांनी टाळ्या वाजवल्या. मग त्यांनी खुर्ची बाजूला सारली आणि जमिनीवर बसायला सुरुवात केली. ते अवघड होतं. कधी जमायचं, कधी माझा हात लागायचा. हात लागला की त्या दिवशी त्या कुणाशी बोलायच्या नाहीत.

आयुधपूजेला पीण्याचं रूप बघण्यासारखं असतं. रोज ग्रीस खाणाऱ्या मशिनी त्या दिवशी झेंडूच्या माळा घालून नवरीसारख्या उभ्या असतात, रस्त्यावर कुंकू भरलेले फोडलेले कोहळे पडलेले असतात, आणि प्रत्येक शटरमधून चुरमुरे-फुटाणे वाटले जातात. अक्कांच्या अंगणात नवऱ्याची जुनी हत्यारं पाटावर मांडलेली. मुलगा आला, पाया पडला, आणि आईकडं नीट बघितल्यावर त्याच्या भुवया वर गेल्या. साडी पुन्हा अंगावर बसली होती. पण शब्द म्हणजे शब्द. फाटकाबाहेर सगळी गल्ली सहज उभी आहे असं दाखवत उभी होती.

अक्का पूजेला बसल्या. हळदकुंकू वाहिलं, आरती केली, नारळ वाढवला. आणि मग हात मांडीवर ठेवून म्हणाल्या, "बघ हं." पहिल्यांदा पुढं झुकल्या आणि मागं बसल्या. मुलाचा हात पुढं आला. अक्कांनी त्याच्याकडं न बघता मान हलवली, तो हात मागं गेला. पुन्हा झुकल्या. एक गुडघा उभा केला. पाय थरथरला, इतका की टाच फरशीवर वाजायला लागली. आणि त्या थरथरत्या पायावर ती बाई अशी सावकाश वर आली की जणू जमीनच त्यांना उचलून देतेय. दोन्ही हात हवेत, मोकळे. फुलवाली रडली, रिक्षावाल्यानं हॉर्न वाजवला, आणि मुलगा चष्मा पुसत म्हणाला, "हरलो, आई. राहा तू इथंच."

"हरलास तर जेवायला बस," अक्का म्हणाल्या.

केळीची पानं जमिनीवर मांडली. आधी अक्का बसल्या, कारण आता तोच नियम होता. मुलगा त्यांच्या शेजारी बसला. पुरणपोळी, कट, कोशिंबीर, भात. जेवण झालं, हात धुवायला सगळे उठले. मुलगा उठेना. त्यानं एक हात टेकला, मग दुसरा टेकला, अर्धा वर आला आणि धपकन खाली बसला. "खुर्चीची सवय हो," तो हसत म्हणाला, पण कानापर्यंत लाल झाला. पुन्हा प्रयत्न केला. भिंत लांब होती. मी पुढं होणार एवढ्यात अक्कांनी मला डोळ्यांनी थांबवलं. त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या, हात पुढं केला, आणि आपल्या पन्नाशीच्या साहेबाला ओढून उभा केला.

त्याचा हात त्यांनी लगेच सोडला नाही. दंड चाचपून बघितला, बाजारात दोडका बघावा तसा. "सकाळी काय खातोस?"

"कॉफी."

"आणि दुपारी?"

"मीटिंग असतात आई. काहीतरी मागवतो. हिची नोकरी फिरतीची, पोरगी शिकायला बाहेर. एकट्यासाठी कोण..."

अक्कांनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. ती नजर मी ओळखतो. यंत्र विकणारा माणूस दारात आला होता तेव्हा त्यांनी त्याच्याकडं अशाच नजरेनं बघितलं होतं.

चार दिवसांनी अक्कांनी स्वतःच ट्रंक काढली. सगळी गल्ली त्यांच्याशी भांडली. मी तर फारच. "जिंकलात ना अक्का तुम्ही? उठलात ना?" त्या भांडी फडक्यात गुंडाळत म्हणाल्या, "उठले म्हणून तर जाते. न उठता गेले असते तर पडून राहायला गेले असते. आता कामाला चाललेय." आणि मग समजूत काढल्यासारखं, "एक महिना रे. पोराच्या पायात जोर आला की येतेच परत." जाताना रिक्षात त्या कुणाच्या मदतीशिवाय चढल्या. रिक्षावाल्यानं मेट्रोच्या स्टेशनवर सोडायचं ठरलं होतं, तो थेट व्हाइटफील्डपर्यंत सोडून आला आणि भाड्याचं नावही काढलं नाही.

महिना कधीच उलटला. मध्यंतरी एका रविवारी मी मेट्रोनं शहराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन त्यांना भेटून आलो. मुलाची तब्येत झकास. दारात मला बघताच त्यानं टुणकन उठून हात मिळवला. लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी म्हाताऱ्या जोडप्यानं मला विचारलं, "अक्कांकडे आलात का?" म्हणजे तिथंही सुरू झालेलंच आहे. पोटभर जेवल्यावर त्या मला बाल्कनीत घेऊन गेल्या. समोर इमारती, त्यांच्या मागं इमारती. गल्लीतल्या एकेकाची चौकशी झाली. मी प्रत्येकाची नक्कल करून ख्यालीखुशाली सांगितली, त्या खूप हसल्या. परत कधी येताय विचारलं तर म्हणाल्या, "मी गेले की हा पुन्हा कॉफीवर येतोय रे."

"खाली माझ्या घरात कुणी राहतंय काय?" त्यांनी विचारलं.

"कुणी नाही. कुलूप आहे."

"बरं हाय."

मग म्हणाल्या, "पीण्या कुठल्या अंगाला रे, हितनं?"

मला कुठं माहीत? मी अंदाजानं एका बाजूला हात केला, बहुधा चुकीच्याच. अक्का त्या बाजूला तोंड करून उभ्या राहिल्या, कठड्याला हात न लावता, ताठ, आणि कितीतरी वेळ तिकडंच बघत राहिल्या.